नसलेल्या विद्यार्थ्यांचा वर्ग

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती. राजा होता. राजाला आयाळ होती, आणि आयाळीला रोज तेल लावणारी माकडं होती. एकच गोष्ट तिथे नव्हती. नराला नर आवडतो, मादीला मादी आवडते, असं त्या जंगलात कुणीसुद्धा नव्हतं.

म्हणजे, तसं सगळे म्हणत. आणि सगळेच म्हणतात म्हटल्यावर शोधायला कोण जातंय?

त्या जंगलात यमुनाकाकू नावाची एक साळिंदरीण राहायची. काकू मोठ्या देवाधर्माच्या. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. बुधवारी काही नसे, म्हणून बुधवारी त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. त्यांचे यजमान बिळाच्या मागच्या खोलीत असत आणि जेवणापुरते पुढे येत.

काकूंना एकच मुलगा. हेरंब. फार हुशार पोर. कुठलं मूळ गोड, कुठलं कडू, कुठलं खाल्लं की पोट दुखतं, हे तो नुसत्या वासावरून सांगायचा.

एक दिवस काय झालं, हेरंबाला परदेशी शिकायला जागा मिळाली. सात डोंगर आणि एक समुद्र ओलांडला की बर्फाचं जंगल लागतं. तिथे कंदमुळांचं फार मोठं विद्यापीठ आहे. राहायची सोय एका अस्वलीणबाईंच्या गुहेत.

काकूंना आनंद झाला. मग काळजी वाटली. काळजी वाटली की काकू व्रत धरत. चातुर्मास नुकताच लागला होता. पण सोडायचं काय? कांदा-लसूण त्या बारा महिने खात नव्हत्या. वांगं त्यांना आवडतच नव्हतं, आणि न आवडणारी गोष्ट सोडली तर देवाला कळतं.

म्हणून त्यांनी खोटं बोलणं सोडलं. मनात नाही ते तोंडावाटे काढायचं नाही, असा नेम.

"माझा हेरंब समुद्रापार सुखरूप पोचू दे," त्या हात जोडून म्हणाल्या. "एवढे चार महिने मी जिभेला जपेन."

त्यामुळे शेजारपाजारी जरा अवघड झालं. शेजारच्या टिटवीने एकदा वाटीभर खीर आणून दिली.

"काकू, कशी झालीये खीर?"

काकूंनी एक घास घेतला. डोळे मिटले.

"वाटी फार सुंदर आहे गं," त्या म्हणाल्या.

आता इकडे राजाच्या दरबारात बर्फाच्या जंगलाचा निरोप आला. 'तुमचे विद्यार्थी आमच्याकडे येणार आहेत. त्यांना आमच्या चालीरीती शिकवून पाठवा. आणि त्यांच्यात नर-नर, मादी-मादी अशा जोडीचे कुणी असतील, तर त्यांना आवर्जून तयार करा. बिचारी पोरं एकदम नव्या मुलखात येतात आणि गांगरतात.'

सिंहमहाराजांनी दरबाराला विचारलं, "असं कुणी आहे का आपल्याकडे?"

"छे छे, महाराज!" दरबार म्हणाला.

"मग वर्ग कुणासाठी घ्यायचा?"

महाराजांनी बराच विचार केला. माकडांनी तेवढ्यात आयाळीची दुसरी बाजू तेल लावून संपवली.

"जे नाहीत त्यांच्यासाठी घ्या," महाराज म्हणाले. "पण घ्या. बाहेरचे लोक विचारतात."

वर्ग घ्यायचं काम करकोचे सरांकडे आलं. सर एकदा वादळात सापडून परदेशी जाऊन पडले होते. तिथल्या एका तळ्यात काही दिवस एका पायावर उभे राहिले आणि वारा फिरल्यावर परत आले. तेव्हापासून परदेशातलं त्यांना सगळं ठाऊक होतं.

वडाखाली वर्ग भरला. सर म्हणाले, "हा वर्ग आपल्यापैकी कुणासाठीच नाही. म्हणून सगळ्यांनी बसायचं. कुणी उठून गेलं, तर त्याच्याबद्दल उगीच शंका येईल."

झालं! सगळं जंगल बसलं. परदेशी जाणारी मुलं बसली, त्यांच्या आया बसल्या. ज्यांचा कशाशी संबंध नव्हता तेही बसले. वरच्या फांदीवर पराग नावाचं शेकरू बसलं होतं. हा पराग दर सोमवारी काकूंना महादेवासाठी बेलाची पानं आणून द्यायचा. अगदी शेंड्याची, कोवळी, तीन दळं न फाटलेली. पानं देऊन झाली तरी दारात घुटमळायचा. काकू म्हणायच्या, "किती भाविक पोर आहे!"

सरांनी पहिला धडा घेतला.

"काही जंगलांत असं आवडणं हा गुन्हा आहे. तिथे पिंजऱ्यात घालतात. तेव्हा अशा ठिकाणी जाणाऱ्याने जपून राहायचं. आपल्या माणसाला सगळ्यांदेखत 'माझा मित्र' म्हणायचं. इतर लोक झाडाकडे बघतात तसं त्याच्याकडे बघायचं. कुणी विचारलं, 'काय रे, कुणी आहे का?' तर म्हणायचं, 'सध्या अभ्यासच खूप आहे.'"

"हे झालंय माझं," हेरंब पटकन म्हणाला.

"काय झालंय?"

"म्हणजे... समजलं, सर."

"इतक्या लवकर?" सर चकित झाले. "अरे, मलाच अजून नीट समजलेलं नाही!"

आता तुम्हीच सांगा, बाळांनो, त्याला का नाही समजणार? हा धडा तो शेपटीचे काटे टणक झाल्यापासून गिरवत होता. आपल्याच जंगलात. आपल्याच बिळात. कुणी न शिकवता.

मग सरांनी दुसरा धडा काढला.

"बर्फाच्या जंगलात मात्र उलटं आहे. तिथे लपवलंत तर यजमानांना वाटतं, या मुलाचा आपल्यावर विश्वास नाही. तिथे चहा देता देता विचारतात आणि चहा पिता पिता सांगायचं असतं. हे काही ऐकून येणारं नाही. याची तालीम करावी लागेल. अस्वलीण कोण होतं?"

सगळ्या आया खाली बघायला लागल्या.

"मी होते," यमुनाकाकू म्हणाल्या. "माझा हेरंब ज्या घरी राहणार, ते घर कसं असेल ते तरी कळेल." आणि त्यांनी बसायला आणलेली काळी घोंगडी उचलून डोक्यावरून पांघरली. झाली अस्वलीण!

"आणि विद्यार्थी कोण होतं?"

आता मात्र पानसुद्धा हलेना.

"अहो, खोटं खोटं!" सर वैतागले. "खरं कुणी नाहीच आहे म्हटल्यावर खोटंच व्हावं लागणार ना? हेरंब, तू हो. तू हुशार आहेस, तुला जमेल."

हेरंब पुढे आला. घोंगडीतून काकूंचा जाडा आवाज आला.

"ये रे बाळा, ये. पाय पूस आधी. थंडी वाजते का? बस, मध खा. एवढुसा काय घेतोस? हं. आता सांग, तुझं कुणी आहे का रे तुमच्या जंगलात?"

सगळे हसले. हेरंब नाही हसला. त्याने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. आणि त्याचा एक काटा उभा राहिला. मग दुसरा. मग मानेपासून शेपटीपर्यंत सगळे.

"आहे," तो म्हणाला. "शेकरू आहे. पराग नाव त्याचं. फार चांगला आहे. मी गेल्यावर त्याला करमायचं नाही. मलाही नाही करमायचं."

"वा! वा! काय अभिनय करतो पोरगा!" सगळं जंगल ओरडलं. वरच्या फांदीवरून कुणाच्या तरी हातचा एक हिरडा सुटला आणि सरांच्या डोक्यात पडला.

काकू मात्र काट्यांकडे बघत राहिल्या. साळिंदराचे काटे नाटकात उभे राहत नाहीत, बाळांनो. जीव घाबरला तरच राहतात. या पोराचे काटे जन्मताना केसांसारखे मऊ होते, तेव्हापासून काकू ते ओळखत होत्या.

घोंगडीच्या आत त्यांचा चेहरा कसा झाला, कुणाला दिसलं नाही. थोड्या वेळाने तोच जाडा आवाज आला.

"मग एकटाच कशाला आलास? सुट्टीत घेऊन ये त्यालाही. दोघांना समोर बसवून पोटभर वाढीन. अशी पोरं घरी येतात, भाग्य माझं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "उत्तम!" सर म्हणाले. "अस्वलिणी अगदी अश्शाच असतात." त्यांनी जन्मात एकही पाहिली नव्हती.

घरी जाताना मायलेक काही बोलले नाहीत. जेवतानाही नाही. यजमान म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि मागे गेले.

सकाळी काकू म्हणाल्या, "हेरंब, घूसवहिनींची मंदा कशी वाटते रे तुला? निघण्याआधी बोलणी करून ठेवली असती."

हेरंब उठून मुळं सोलायला लागला.

संध्याकाळी काकूंनी घोंगडी काढली. "अजून थोडी तालीम करू या का? तिकडे गेल्यावर फजिती नको." आणि डोक्यावरून पांघरलीदेखील.

"तो तुझा पराग," घोंगडी म्हणाली, "खातो काय रे?"

"फळं, पालवी. आंब्याच्या दिवसांत आंबे."

"मांसमच्छी?"

"नाही हो, बाई."

"शहाणा आहे. जातीने कोण म्हणायचा?"

"कुरतडणारा."

"म्हणजे आमच्यातलाच... तुमच्यातलाच. बरं झालं बाई. आणि तुमची गाठ कुठे पडली?"

"आईच्या दारात. बेल घेऊन यायचा."

घोंगडी देवघराकडे वळली.

"म्हणजे तो महादेवासाठी येत नव्हता?" आतून बारीक आवाज आला.

"दोघांसाठी यायचा," हेरंब म्हणाला.

असं रोज सुरू झालं. घोंगडी अंगावर असली की काकू विचारायच्या, त्याला थंडी सोसते का, त्याच्या घरी कोण कोण आहे, तुला रागावतो का, समजूत कोण काढतं. घोंगडी उतरली की मंदाचे केस किती लांब आहेत ते सांगायच्या. एकदा यजमान पुढे आले, घोंगडीतल्या बायकोला बघून "नमस्कार, नमस्कार" म्हणाले आणि पुन्हा मागे गेले.

दसरा झाला. निघायचा दिवस जवळ आला. एका संध्याकाळी काकू घोंगडी घ्यायला वळल्या तर हेरंबाने ती धरून ठेवली.

"आई, आज नको ना घेऊस."

"घेतली नाही की मला सुचत नाही रे."

"अस्वलीणबाई मला तिकडे भेटणारच आहेत," हेरंब म्हणाला. "जाताना मला आई भेटू दे."

काकूंनी घोंगडीचं टोक सोडलं नाही. सोडवेनाच. शेवटी हेरंबानेच सोडलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी टिटवी धावत आली. "काकू! अहो, तुमचा नेम मोडला की हो!"

"काहीतरीच! कधी?"

"त्या दिवशी तालमीत. 'भाग्य माझं' म्हणालात. मनात नाही ते तोंडावाटे काढलंत. सगळ्या जंगलाने ऐकलंय! मला आत्ता कपडे वाळत घालताना आठवलं."

नेम त्यांनी स्वतःसाठी थोडाच धरला होता? तो हेरंबासाठी होता. आता पोराला समुद्रापार कोण नेणार? तशाच उठल्या आणि तळ्याकाठी कासवगुरुजींकडे गेल्या.

"गुरुजी, नाटकात बोललेलं खोटं धरतात का हो?"

गुरुजींनी मान बाहेर काढली. त्याला जरा वेळ लागला.

"तोंड कुणाचं होतं, यमुनाबाई?"

"माझं."

"घोंगडी?"

"माझीच."

"मग अस्वलिणीचं काय होतं त्यात?"

"काही नाही हो. मी अस्वलीण पाहिलीसुद्धा नाही."

"मग बोललं कोण?"

काकू तळ्यातल्या पाण्याकडे बघायला लागल्या.

"मनात नव्हतं ते बोलला असाल," गुरुजी म्हणाले, "तर नेम मोडला. निर्जळी उपास करा आणि पहिल्यापासून धरा. मनात होतं ते बोलला असाल, तर नेम जागच्या जागी आहे. मनात काय होतं ते तुमचं तुम्ही बघा. मला लोकांच्या मनात डोकावता येत नाही. माझी मान पुरत नाही."

आणि त्यांनी मान आत घेतली.

काकू घरी येऊन देवापुढे बसल्या. निर्जळीची त्यांना भीती नव्हती. उपास म्हणजे त्यांचा हातचा मळ. 'देवा, ते माझ्या मनातलं नव्हतं,' एवढं कबूल करायचं की झालं. त्यांनी पळीत पाणी घेतलं. तोंड उघडलं.

पण जीभ उचलेना. पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा जीभ उचलेना. कारण, बाळांनो, तसं म्हटलं असतं तर तेच खोटं झालं असतं. आणि नेम खोटं न बोलण्याचा होता!

मोठ्या अवघड जागी सापडल्या काकू. पळी हातात घेऊन त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या, आणि मग एकट्याच हसल्या.

निघायचा दिवस उजाडला. नदीकाठी राजहंस तयार होता. त्याने हेरंबाचे काटे बघितले आणि सांगितलं, केळीच्या पानात गुंडाळल्याशिवाय मी पाठीवर घेणार नाही. पानं आणली, गुंडाळापुंडाळी झाली. हेरंब एखाद्या पानग्यासारखा दिसायला लागला. सगळं जंगल निरोप द्यायला जमलं होतं. करकोचे सर एका पायावर उभे होते. पराग दूर एका झाडावर होता. उंच.

काकूंनी हेरंबाच्या हातावर दही घातलं. तेवढ्यात टिटवी म्हणाली, "काकू, निर्जळी कधीपासून धरताय?"

"कसली निर्जळी?"

"अहो, नेम मोडला ना तुमचा!"

"नाही मोडला," काकू म्हणाल्या. अंगावर घोंगडी नव्हती. आवाजही जाडा नव्हता. "तालमीत बोलले ते माझ्या मनातलंच होतं. शब्द न् शब्द."

टिटवीने चोच उघडली आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदा आतून काही आलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पण मग... हेरंबाचा तो अभिनय?"

काकूंनी हेरंबाकडे बघितलं. हे त्याचं होतं, त्यानेच बोलायचं होतं.

"तो अभिनय नव्हता, टिटवीमावशी," हेरंब म्हणाला.

सरांनी पाय बदलला.

केळीच्या पानांच्या आत सळसळ झाली. हेरंबाचे सगळे काटे हळूहळू खाली बसत होते. साळिंदरांना एकमेकांना मिठी मारायची तर अशीच मारावी लागते, काटे पाडून, समोरून, जपून. मायलेकांनी मारली. एकालाही टोचलं नाही.

मग काकूंनी वर बघून हाक मारली, "अरे पराग, ये ना खाली! किती वेळ तिथे बसशील? तोंड बघ कसं सुकलंय!" तो उतरला. भांड्यात उरलेलं दही काकूंनी त्याच्या हातावर घातलं. "तू जात नाहीयेस कुठे. तरी खा. आणि सोमवारी बेल आणशील तेव्हा जेवायलाच थांब. मला हेरंबाबद्दल बोलायला कुणीतरी हवंच आहे."

टिटवी हळूच कुणाच्या तरी कानात म्हणाली, "निदान कुरतडणाऱ्यांतला तरी आहे."

काकूंनी घोंगडीची घडी केली आणि हेरंबाच्या बोचक्यात ठेवली. "तिकडे थंडी फार. मला आता लागायची नाही."

राजहंस उडाला.

पुढे चक्रवाक पक्षी निरोप घेऊन आले. हेरंब सुखरूप पोचला होता. सरांनी शिकवलेलं सगळं पाठ करून तो गुहेच्या दारात उभा राहिला. 'हो, आहे' असं म्हणायला तोंड उघडून आत गेला. पण अस्वलीणबाई झोपलेल्या होत्या. तिकडे हिवाळाभर झोपतात. एवढी मोठी चालीरीत सरांनी सांगितलीच नव्हती! वसंतात बाई उठल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "बर्फ वितळलं का?" आणि मासे धरायला गेल्या.

विद्यापीठातही कुणी विचारलं नाही. तिकडे असं विचारणं बरं दिसत नाही म्हणे. शेवटी वाट बघून बघून हेरंबाने एके दिवशी जेवताना आपणहून सांगितलं. सगळे म्हणाले, "अच्छा? छान. ते रताळ्याचं पातेलं जरा इकडे सरकव."

हे ऐकून काकूंना त्या बाईंची फार माया आली. "झोपू दे गं तिला," त्या टिटवीला म्हणाल्या. "तिचाही चातुर्मास असेल. देवसुद्धा झोपतो."

दरबारात करकोचे सरांचा सत्कार झाला. सिंहमहाराजांनी बर्फाच्या जंगलाला उलट निरोप पाठवला, 'आमच्याकडे असे विद्यार्थी नाहीत, आणि ते सगळे उत्तम तयार झाले आहेत.'

पुढचा चातुर्मास लागला. एक दिवस टिटवी सरांकडे आली. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, हो, टिटवी हळू आवाजात म्हणाली, "सर, माझ्या मुलीला कुठेही परदेशी जायचं नाहीये. पण तिला तालमीला बसवाल का? आणि मला अस्वलीण करा. मी जाडा आवाज काढायला शिकतेय."

त्या वर्षी त्या जंगलातून कुणीच परदेशी जाणार नव्हतं. तरी वडाखाली बसायला जागा पुरली नाही. आणि प्रत्येक आई घरून आपापली घोंगडी घेऊन आली होती. एक घोंगडी तर यमुनाकाकूंच्या यजमानांसारखं खाकरत होती. त्यांना म्हणे हेरंब सुट्टीत आला की काय बोलायचं, त्याची तालीम करायची होती.

तात्पर्य : आपलं कोण आणि परकं कोण, हे माणसाने नेहमी ओळखून असावं. मनातलं खरं बोलायचं झालं, तर आपल्या माणसांना थोडा वेळ परकं करून घ्यावं. परक्यांना सगळं समजतं. आणि परमुलखाच्या चालीरीती घोकून पाठ करायला मुळीच हरकत नाही. तिकडे त्या कुणी विचारत नाही, पण घरात फार उपयोगी पडतात.